सासूबाईंसाठी पीएसडब्ल्यू (पर्सनल सपोर्ट वर्कर, आजारी-वृद्धांची देखभाल करणारी) ठेवायची आहे – कॅनडातल्या ओंटारियोतल्यांनी अनुभव सांगा

केतकी_मिसिसागा | ११ जानेवारी

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. आमच्याकडेच असतात, पीआर (कायम रहिवासी) आहेत, ओहिप, म्हणजे ओंटारियोच्या सरकारी आरोग्य विम्याचं कार्ड आहे. ऑक्टोबरमध्ये त्यांना पक्षाघात झाला. डावा हात जवळजवळ गेलाय, डावा पाय ओढत धरून धरून चार पावलं टाकतात. बोलणं स्वच्छ आहे, डोकं तल्लख आहे. हॉस्पिटलमधून सोडल्यावर ओंटारियो हेल्थ ॲटहोम या सरकारी होम केअर संस्थेची कोऑर्डिनेटर घरी येऊन बघून गेली आणि आठवड्याला पाच तास पीएसडब्ल्यू मंजूर झाली. त्याचे पैसे पडत नाहीत, ही केवढी मोठी सोय आहे हे मला माहीत आहे.

अडचण अशी की तीन महिन्यांत अकरा वेगवेगळ्या बायका येऊन गेल्या. कधी साडेसातला, कधी साडेदहाला. प्रत्येकीला पहिल्यापासून सांगायचं की डावा हात धरून ओढू नका. आई आता आंघोळीलाच नाही म्हणायला लागल्यात. "रोज नव्या बाईसमोर अंगावरचं काढायचं मला नाही जमत गं," असं परवा म्हणाल्या आणि रडल्या. लग्नाला चोवीस वर्षं झाली, मी त्यांना रडताना दुसऱ्यांदा पाहिलं.

म्हणून रोज सकाळी तीन तास एकच बाई खाजगीत ठेवावी असं मनात आहे. नवऱ्याचं म्हणणं, आपण दोघं असताना परकं माणूस कशाला. पण मुलाच्या हातून आंघोळ त्या घालून घेणार नाहीत, आणि त्यांना उचलताना माझ्या पाठीत दोनदा चमक भरली.

पीएसडब्ल्यू नेमकं काय काय करते? एजन्सीतून घ्यावी की थेट? चांगली बाई ओळखायची कशी?

---

रानफूल | ११ जानेवारी

केतकी, आधी एक. खाजगी बाई मिळाली तरी ते पाच तास सोडू नकोस. कोऑर्डिनेटरला फोन करून पुन्हा पाहणी मागता येते. तब्येत बदलली, घरच्यांना झेपेनासं झालं, की तास वाढवून मागायचे. आणि "तीच व्यक्ती हवी" हे तोंडी न सांगता लेखी द्यायचं. तरीही दाद लागली नाही तर पेशंट ओम्बड्समनकडे (रुग्णांच्या तक्रारी बघणारं सरकारी कार्यालय) तक्रार करता येते, ते होम केअरच्याही तक्रारी घेतात.

एजन्सीचा आमचा अनुभव सांगते. आम्ही तासाला ३६ डॉलर भरत होतो. चार महिन्यांनी कळलं की बाईच्या हातात २० पडतात. त्यात तिचा एका घरातून दुसऱ्या घरी जायचा वेळ धरलेलाच नव्हता. जानेवारीत दोन बसेस बदलून यायची. पाचव्या महिन्यात सोडून गेली, आणि मला तिचा राग आला नाही. एजन्सीचा फायदा एकच, बाई आजारी पडली तर दुसरी पाठवतात. म्हणजे पुन्हा नवा चेहरा.

---

सायली_ब्रॅम्प्टन | १२ जानेवारी

केतकीताई, मी स्वतः पीएसडब्ल्यू आहे. नाशिकहून आले, इथे कम्युनिटी कॉलेजमध्ये दोन सेमिस्टरचं सर्टिफिकेट केलं, चार वर्षं लाँग टर्म केअरमध्ये (कायम देखभाल लागणाऱ्यांच्या निवासी संस्थेत) होते, आता घरोघरी जाते. तुमची पोस्ट वाचून रात्री झोप आली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या सासूबाई म्हणतात ते. आंघोळीला नाही म्हणणं हा हट्ट नाही. आमच्या कोर्समध्ये पहिल्या महिन्यात आम्हाला एकमेकींचे दात घासायला लावले होते, एकमेकींना घास भरवायला लावले होते. दुसऱ्याच्या हातात आपलं तोंड द्यायचं म्हणजे काय असतं ते त्या दिवशी कळलं.

मी अशा पेशंटची आंघोळ कशी करते ते सांगते. बाथरूम आधी गरम करून ठेवायची. कपडे, टॉवेल, क्रीम सगळं हाताशी. एकदा त्यांना खुर्चीवर बसवलं की त्यांना तिथे एकटं सोडून टॉवेल आणायला जायचं नाही. अंगावर मोठा टॉवेल पांघरलेला, जेवढा भाग धुवायचा तेवढाच उघडा. आणि जे त्यांचं त्यांना जमतं ते त्यांनीच करायचं. तुमच्या आईंचा उजवा हात चांगला आहे ना? मग तोंड, छाती, पोट आणि खालचं शक्य तेवढं त्या स्वतः धुतील, मी पाठ आणि पाय. आपल्या आज्यांना हँड शॉवर परका वाटतो. मी एका आजींना बादली आणि हलका प्लास्टिकचा तांब्या दिला होता. वेळ दहा मिनिटं जास्त लागला, पण "आता आंघोळ झाल्यासारखी वाटली" असं म्हणाल्या.

कपडे घालताना आधी दुखरा हात बाहीत, मग चांगला. काढताना उलट, आधी चांगला हात मोकळा, मग दुखरा. पक्षाघातात खांद्याचा सांधा सैल पडू शकतो, त्या हाताला धरून ओढलं तर कायमचं दुखणं मागे लागतं. एखादी बाई कोर्स केलेली आहे की नाही हे मला तिने ब्लाउज घालताना पाहिलं की समजतं.

आंघोळ हीच अंग बघायची वेळ. माकडहाड, टाचा, कोपर, कानामागची बाजू. पुस्तकात लिहिलेलं असतं लाल झालंय का बघा, दाबून पांढरं होतं का बघा. आपल्या सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. हात लावून ती जागा ऊन लागते का, घट्ट लागते का, ते बघायचं. तसं लागलं तर तिथे चोळायचं नाही, नर्सला कळवायचं. मी हे एकदा दोन दिवस आधी पकडलं होतं आणि त्या काकांची जखम टळली. माझ्या कामातलं मला सगळ्यात जास्त समाधान देणारं हेच आहे. कुणाच्या लक्षातही येत नाही असं ते असतं.

बाकी उठवणं-बसवणं, चालवणं, संडास-लघवी, डायपर बदलणं, कूस बदलणं, खाऊ घालणं, त्यांच्यापुरता नाश्ता, त्यांच्या चादरी, त्यांची खोली. एक विनंती मनापासून. तिच्याकडून अख्ख्या घराच्या पोळ्या करून घेऊ नका, मुलांचे डबे भरून घेऊ नका. "आलीच आहेस तर" या तीन शब्दांनी चांगल्या बायका घरं सोडतात.

---

मंदार_ओकव्हिल | १२ जानेवारी

सायलीताई, फार उपयोगी लिहिलंत. एक शंका. वडिलांना इन्सुलिन आहे. पीएसडब्ल्यू देऊ शकते का? आणि गोळ्या?

---

सायली_ब्रॅम्प्टन | १२ जानेवारी

गोळ्या फार्मसीकडून ब्लिस्टर पॅकमध्ये भरून घ्या. त्या दिवसाच्या, त्या वेळेच्या कप्प्यातल्या गोळ्या हातावर काढून देणं, पाणी देणं, गिळल्या का बघणं, हे आम्ही करतो. कोणती गोळी द्यायची, आज रक्तदाब कमी आहे म्हणून अर्धी करायची का, हे आम्ही ठरवत नाही. कुणी ठरवत असेल तर तिला थांबवा.

इंजेक्शन ही इथल्या कायद्याने नियंत्रित क्रिया आहे. नर्स त्या एका पेशंटपुरतं एखाद्या पीएसडब्ल्यूला शिकवून सोपवू शकते, पण ती जबाबदारी नर्स घेते आणि कागदावर घेते. घरच्यांनी "हे बघ असं टोचायचं" म्हणून दाखवलेलं चालत नाही.

---

मंदार_ओकव्हिल | १३ जानेवारी

कळलं, आभार. आमचं थोडं वेगळं आहे. बाबा सुपर व्हिसावर (इथल्यांच्या आईवडिलांना, आजीआजोबांना मिळणारा दीर्घ मुदतीचा व्हिसा) आहेत, म्हणजे ओहिप नाही, सरकारी होम केअर नाही. व्हिसासाठी एक लाख डॉलरचा विमा घेतलाय, पण आमच्या पॉलिसीत अचानक आलेलं आजारपण आणि हॉस्पिटल धरलंय, घरची शुश्रूषा नाही. २०२२पासून एका वेळी पाच वर्षं राहता येतं म्हणून आम्ही खुशीत त्यांना घेऊन आलो, पाच वर्षांत माणूस म्हातारा होत जातो हे लक्षात घेतलं नव्हतं. सध्या एक ओळखीतली बाई येते, रोख देतो. पुण्याहून आमच्या जुन्या मावशींना व्हिजिटर व्हिसावर बोलवावं असंही बहीण सुचवतेय.

---

हिशेब_वही | १३ जानेवारी

मंदार, दोन्ही गोष्टींबद्दल स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी इथे अकाउंटिंगमध्ये आहे.

मावशींना व्हिजिटर व्हिसावर आणून कामाला लावणं बेकायदा आहे. पकडलं गेलं तर तुम्ही दंड भराल आणि त्या परत जातील, पुढचे व्हिसाचे दरवाजे बंद होऊन. त्यांनी आयुष्यभर तुमच्या घरात राबून हे पदरात पडायला नको. आणि तिकडे कुणी एजंट "कॅनडात केअरगिव्हरचं काम लावतो, इतके लाख द्या" म्हणत असेल तर ओंटारियोत परदेशातून येणाऱ्या कामगाराकडून भरतीचे पैसे घ्यायला २००९च्या कायद्याने बंदी आहे. सुरुवातीला तो कायदा घरात राहून काम करणाऱ्या केअरगिव्हर्ससाठीच झाला होता. मालकाने पासपोर्ट काढून ठेवणंही त्याच कायद्याने गुन्हा आहे.

आता रोख. तुम्ही वेळ ठरवता, काम ठरवता, सामान तुमचं, म्हणजे ती तुमची नोकर, तुम्ही मालक. "ती सेल्फ एम्प्लॉइड आहे" असं दोघांनी ठरवल्याने तसं होत नाही, सीआरए (कॅनडाचं करखातं) प्रत्यक्ष व्यवहार बघते. करायचं एवढंच: सीआरएकडून बिझनेस नंबर आणि पेरोल खातं. पगारातून सीपीपी (सरकारी पेन्शन), ईआय (बेकारी विमा) आणि कर कापायचा, आपला वाटा घालून भरायचा. फेब्रुवारीअखेर टी-फोर, म्हणजे वर्षाच्या पगाराचा दाखला, द्यायचा. सुट्टीचा पगार किमान ४ टक्के. किमान वेतन ऑक्टोबर २०२५पासून १७.६० डॉलर आहे, पण त्या दराला चांगली पीएसडब्ल्यू मिळणार नाही आणि तुम्ही देऊही नका. आठवड्याला ४४ तासांच्या वर दीडपट. आणि घरकामाला ठेवलेली व्यक्ती आठवड्याला २४ तासांपेक्षा जास्त काम करत असेल तर डब्ल्यूएसआयबीचं (कामावर इजा झाल्यास भरपाई देणारा ओंटारियोचा विमा) संरक्षण घेणं बंधनकारक आहे. बाबांना उचलताना तिची पाठ गेली तर तिच्या घरची चूल कशावर पेटेल, याचं उत्तर ते आहे.

केतकी, तुमचे तीन तास सात दिवस म्हणजे २१ होतात, तरीही चौकशी करून ठेवा. शिवाय डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि रीतसर पावत्या असतील तर पीएसडब्ल्यूचा पगार वैद्यकीय खर्चात दाखवता येतो, आणि सत्तरीच्या पुढच्यांसाठी ओंटारियोचं सीनिअर्स केअर ॲट होम क्रेडिट आहे, वर्षाला जास्तीत जास्त १५०० डॉलर, उत्पन्न वाढेल तसं कमी होत जाणारं. पावतीशिवाय रोखीत दिलेल्या पैशाला यातलं काहीच मिळत नाही.

---

कोथरूडची_नीलिमा | १३ जानेवारी

पुण्यातून लिहितेय, कदाचित अवांतर होईल. आमच्याकडे ब्यूरोतून मावशी येतात, बारा तास किंवा चोवीस तास. ब्यूरो त्यांच्या पगारातून कमिशन कापतो. बहुतेकींनी कसलंही शिक्षण घेतलेलं नसतं, कुणाच्या तरी सासूचं करता करता शिकलेल्या असतात. काही जणी सोनं आहेत. पण माझ्या वडिलांना आलेल्या मावशींनी माकडहाडावरचा लाल डाग रोज खोबरेल तेलाने जोरात चोळला, प्रेमानेच चोळला, आणि आठवड्यात तिथे जखम झाली. त्यांची काय चूक? त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं, मलाही माहीत नव्हतं. सायली, तुझी पोस्ट मी बाबांच्या आत्ताच्या मावशींना मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनी दोनदा वाचायला लावली.

---

सायली_ब्रॅम्प्टन | १४ जानेवारी

नीलिमाताई, काय लिहू. त्या मावशींना माझा नमस्कार सांगा.

---

जुनी_वाट | १४ जानेवारी

माझी आई २०१९ ते २०२१ टोरांटोजवळच्या एका लाँग टर्म केअर होममध्ये होती. २०२०च्या वसंतात कोविडमध्ये काय झालं ते इथल्यांना आठवत असेल. सुरुवातीला पाच होम्समध्ये लष्कर पाठवावं लागलं आणि त्यांनी मे महिन्यात दिलेला अहवाल वाचवत नव्हता. एकेक पीएसडब्ल्यू दोन-तीन ठिकाणी अर्धवेळ नोकऱ्या करत होत्या, कारण पूर्णवेळ कुणी देत नव्हतं. एप्रिलमध्ये हुकूम निघाला की एकाच होममध्ये काम करा. मग माणसंच पुरेनात. आईला आम्ही खिडकीच्या काचेतून भेटायचो. काचेच्या आत तिचा हात धरून जी उभी असायची ती पीएसडब्ल्यू होती, तिच्या स्वतःच्या घरी दोन लहान मुलं होती.

त्यानंतर तीन डॉलरची तासाची वाढ आली, ती २०२२मध्ये कायम झाली. दर रहिवाशामागे दिवसाला सरासरी चार तास प्रत्यक्ष सेवा, हे उद्दिष्ट कायद्यात आलं. चांगलंच झालं. पण केतकी, तू "एजन्सी की थेट" विचारतेस, तेव्हा मला वाटतं खरा प्रश्न असा की ती बाई तुमच्याकडे टिकेल असं तुम्ही तिला काय देणार. ठरलेले तास, ठरलेला पगार, वेळेवर, आणि तीन तासांसाठी बोलावून "आज दीडच तास पुरे" न म्हणणं.

---

आर्या_लंडन_ओंटारियो | १५ जानेवारी

भाषेचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझ्या आत्याला डिमेन्शिया. तीस वर्षं बँकेत इंग्रजी बोललेली बाई, ते इंग्रजी आधी गेलं, मग हिंदी, राहिली मराठी. मराठी पीएसडब्ल्यू कुठून आणणार? आमच्याकडे जमैकाची एक पन्नाशीची बाई येते. आम्ही फ्रिजवर इंग्रजी अक्षरांत बारा शब्द लिहून लावले: दुखतंय, तहान, गार, गरम, बसा, उठा, हळू, नको, झालं, शू, शी, देवघर. तिने एका आठवड्यात पाठ केले. आता ती "हळू हळू हळू" म्हणत आत्याला चालवते आणि आत्या तिच्या तालावर पावलं टाकते. केतकीच्या आई बोलत्या आहेत, तरी घाबरलेल्या क्षणी माणूस आपल्याच भाषेत ओरडतं. तेवढे शब्द समोरच्याला कळले पाहिजेत.

---

रानफूल | १५ जानेवारी

आर्या, अंगावर काटा आला. केतकी, निवडायचं कसं त्याबद्दल आम्ही दुसऱ्या वेळी काय केलं ते लिहिते. सर्टिफिकेट पाहिलं. पोलिसांची व्हल्नरेबल सेक्टर चेक (वृद्ध, मुलं अशांसोबत काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासणी), टीबीची तपासणी, सीपीआरचं प्रशिक्षण. दोन जुन्या घरांना फोन केले आणि एकच प्रश्न विचारला: "ती का गेली?" मग तिला बाबांसमोर बसवलं आणि आम्ही तोंड बंद ठेवलं. एक बाई पूर्ण वेळ माझ्याशीच बोलत होती, बाबांबद्दल, बाबांच्या समोर. दुसरी खुर्ची ओढून बाबांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसली आणि त्यांनाच विचारलं की सकाळी चहा आधी की दात आधी. दुसरीला ठेवलं. ती तीन वर्षं होती, बाबा जाईपर्यंत.

---

सायली_ब्रॅम्प्टन | १५ जानेवारी

रानफूल यांना पूर्ण अनुमोदन. दोन गोष्टी जोडते. १ डिसेंबर २०२४पासून ओंटारियोत पीएसडब्ल्यूंची नोंदणी सुरू झाली आहे, हेल्थ अँड सपोर्टिव्ह केअर प्रोव्हायडर्स ओव्हरसाइट अथॉरिटीकडे. नोंदणी ऐच्छिक आहे, म्हणून नाव नसलं तर ती बाई वाईट असं नाही. पण असलं तर त्यांच्या यादीत ऑनलाइन शोधता येतं.

दुसरं, पैसे देऊन एक तास प्रत्यक्ष काम करायला बोलवा, आणि पलंगावरून खुर्चीत कसं बसवते ते बघा. खुर्ची चांगल्या बाजूला लावते का. चाकांना ब्रेक लावते का. कमरेला ट्रान्सफर बेल्ट (उठवताना धरायचा पट्टा) मागते का. काखेत हात घालून उचलायला गेली तर तिथेच थांबवा. आणि उठवण्याआधी पेशंटला सांगते का, की आता आपण तीन मोजून उठणार आहोत.

नवऱ्यालाही त्या वेळी घरी थांबायला सांगा. माझ्या अनुभवात मुलांचा विरोध बहुतेक वेळा अपराधी वाटण्यातून असतो. आईचं आपण करत नाही असं त्यांना वाटतं. काम बघितल्यावर ते वाटणं थोडं हलकं होतं.

---

केतकी_मिसिसागा | २ मार्च

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय, पण काय झालं ते सांगते.

चौघींना भेटलो. तिसरी घानाची आहे, माझ्याएवढीच असेल. आईंसमोर बसली, हातात हात घेतला नाही, आधी विचारलं, "घेऊ का?" आईंनी उजवा हात पुढे केला. एक तासाचं काम बघायला नवरा रजा घेऊन थांबला होता. ती आईंना तीन मोजून उठवत होती तेव्हा हा मागे उभा राहून ओठातल्या ओठात तीन मोजत होता. नंतर स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाला, "मी रोज तिला काखेतून उचलत होतो."

२६ डॉलर तास, सोमवार ते शनिवार, पेरोलवर. हिशेब_वही, तुमच्या पोस्टची प्रिंट काढून त्याप्रमाणे सगळं केलं, दोन शनिवार गेले, पण झालं. सरकारी पाच तासही चालू आहेत, पुन्हा पाहणी मागितली तेव्हा सात झाले, ते आता संध्याकाळी वापरतो.

फ्रिजवर शब्द लावले. तेरावा आईंनी घालायला लावला: "पुरे".

आंघोळ पहिले चार दिवस झाली नाही. ती म्हणाली घाई नाही, पाय धुऊ. पाय धुतले. पाचव्या दिवशी तांब्या दिला. आता रोज होते.

एक वही ठेवली आहे, त्यात ती रोज इंग्रजीत लिहिते: काय खाल्लं, शी झाली का, कातडी कशी आहे. गेल्या आठवड्यात मी वही उघडली तर तिच्या नोंदीखाली मराठीत एक ओळ होती, आईंच्या अक्षरात. पक्षाघातानंतर त्यांनी पहिल्यांदाच पेन हातात घेतलं होतं. लिहिलं होतं: "आज पाणी गार होतं."

---

सायली_ब्रॅम्प्टन | २ मार्च

केतकीताई, पाण्याचं तिला आजच सांगा. पाणी आपल्या हाताने बघून चालत नाही, त्यांच्या डाव्या बाजूला गरम-गार नीट कळत नसेल. अंगावर घ्यायच्या आधी त्यांनाच उजवा हात बादलीत घालून बघू द्या, आणि त्या म्हणतील तेवढं ऊन करा.